सावलीसावलीनं जाणारी वरात

मास्तरांना काहीही विचारलं तरी पहिलं उत्तर 'उं' असंच यायचं, कारण त्यांच्या तोंडात पत्ती असायची. क्लॅरिनेटच्या टोकाला वेताची एक पातळ, चपटी पट्टी बसवलेली असते. तिच्यावरून फुंकर गेली की सूर निघतो, आणि त्यासाठी ती ओली असावी लागते. इतर वाजवणारे वाजवायच्या जरा आधी पत्ती जिभेवर धरतात. मास्तर मात्र लग्नसराईत सकाळचा चहा झाला की एक पत्ती गालात ठेवायचे, ती दिवस मावळेपर्यंत. वाजवताना एक वाद्यावर आणि दुसरी गालात राखीव. सोलापूरच्या उन्हात दोरीवरचं धोतर वळून येईपर्यंत वाळतं, तिथं पत्ती कशी टिकणार, असा त्यांचा सवाल. रस्त्यानं त्यांना पाहणाऱ्याला वाटायचं, हा एवढा मिशाळ माणूस आइस्क्रीम संपलं तरी काडी सोडायला तयार नाही.

त्यामुळे आम्ही बॅन्डवाले त्यांचे 'उं' ओळखायला शिकलो होतो. तुटक 'उं' म्हणजे हो. लांबवलेला म्हणजे नाही. आणि लागोपाठ दोन आले तर समजायचं, की गप्प बसण्यात आपलं भलं आहे.

मी त्यांच्याकडे कीबोर्ड वाजवायचो. मूळचा मी बार्शीचा. सोलापुरात नव्या पेठेत मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात कामाला होतो. लग्नाच्या तिथीला मालक मला बिनबोभाट सोडायचा, कारण त्याच्या लग्नातही मास्तरच वाजवून गेले होते. माझी जागा ढकलगाडीवर. समोर कीबोर्ड, दोन्ही बाजूंना कर्णे, डोक्यावर झालरीची छत्री आणि मी मधे स्टुलावर. दोघं जण गाडी ढकलायचे. पुढं ताशा, ढोल, एक ट्रंपेट आणि सगळ्यांच्या पुढं मास्तर. लाल कोट, सोनेरी फीत, गळ्याचं बटण लावलेलं. पारा त्रेचाळिसाला टेकला तरी ते बटण उघडलेलं मी पाहिलं नाही. "गळा उघडा टाकून वाजवणारा मानूस पळून आल्यासारखा दिसतो," म्हणायचे.

घर त्यांचं पूर्व भागात, साखर पेठेच्या मागं. घरात तेलुगू, आमच्याशी मराठी, घोडेवाल्याशी दखनी आणि अक्कलकोटकडचं गिऱ्हाईक आलं तर कानडी. वडील मागावर होते. मास्तरही तरुणपणी काही वर्षं टॉवेलच्या कारखान्यात माग चालवत होते. का सोडलं विचारलं तर सांगायचे, "मागाला ताल लई चांगला हाय. पन समेवर कधी येतच नाय बे. रात्रंदिवस आपलं वाट बघत बसायचं."

त्यांच्या बॅन्डाची शहरात ख्याती होती ती वाजवण्याबद्दल आणि त्याहून जास्त थांबण्याबद्दल. मास्तरांची वरात सावली बघून थांबायची. लग्नाच्या रस्त्यांवरचं प्रत्येक झाड त्यांना ठाऊक होतं. कन्ना चौकाच्या अलीकडचा लिंब, शाळेच्या भिंतीवरून बाहेर आलेला गुलमोहर, बँकेच्या इमारतीची दुपारनंतर पडणारी सावली. या ठिकाणी क्लॅरिनेट वाजणार, इथं काय नाचायचं ते नाचा. मधल्या उन्हात फक्त ताशा आणि झपझप पावलं. नवरदेवाचे मामा-काका भर चौकात, भर उन्हात वरात अडवून नाचायला उभे राहिले, की मास्तर क्लॅरिनेट काखेत मारून पुढच्या झाडाखाली जाऊन उभे. मामा ओरडत मागं यायचा. मास्तर पत्ती हातात काढून शांतपणे सांगायचे, "तुमच्या पायात बूट हाईत. घोडीच्या पायाखाली डांबर हाय. तिला कुनी विचारलं का?"

हे ऐकून सगळ्यात खूश व्हायचा तो घोडीवाला चाचा. त्याची पांढरी घोडी वर्षानुवर्षं आमच्याच बॅन्डाबरोबर चालायची. मास्तर भेटले की आधी तिच्या मानेवर हात ठेवणार आणि मग चाचाला सलाम.

नागाच्या पुंगीची धून त्यांना आवडायची नाही असं नाही. क्लॅरिनेटवर ती छान वाजते आणि ते ती मन लावून वाजवायचे. एकदा एक जण तोंडात रुमाल धरून रस्त्यावर आडवाच झाला. मास्तर वाजवायचे थांबले, खाली वाकले आणि म्हणाले, "ऊठ बाबा. नाग असलास तरी या डांबरावर सोलून निघशील." तो उठला, मास्तरांच्या पाया पडला आणि पुढच्या सावलीपर्यंत शहाण्यासारखा चालत आला.

डॉल्बीबद्दल मात्र त्यांच्या तोंडून वाईट शब्द कधी ऐकला नाही. आमच्या अर्ध्या तारखा डॉल्बीनं खाल्ल्या होत्या. एखादी भिंतीएवढी गाडी समोरून गेली की मास्तर छातीवर हात ठेवून उभे राहायचे, डॉक्टरनं तपासावं तसे. गाडी गेल्यावर म्हणायचे, "छातीत आलं. कानात नाय आलं." एवढंच, आणि पत्ती परत गालात.

ज्या दिवसाबद्दल सांगायचं आहे तो मे महिन्यातल्या शेवटच्या मोठ्या तिथीचा दिवस. तीन ठिकाणची कामं घेतलेली. सकाळी बाळीवेशीत नवरदेवाला मारुतीच्या दर्शनाला न्यायचं, दुपारी होटगी रस्त्याच्या कार्यालयातलं लग्न आणि संध्याकाळी दत्तनगरच्या बाजूला एका शिंप्याच्या मुलीचं लग्न. त्यात नेमकं त्याच दिवशी पहाटे नळाला पाणी आलं. मी मास्तरांच्या घरी पोचलो तर ते लाल कोटाची बाही वर करून बादल्या भरत होते आणि तोंडात पत्ती. त्यांची बायको दारात उभी राहून मला म्हणाली, "सांगा की ओ यांना. पुढचा दात लई हलायलाय. संक्रांतीपासून सांगायलेय, डॉक्टरला दाखवा, डॉक्टरला दाखवा."

मास्तर म्हणाले, "उंऽऽ." म्हणजे नाही. सीझन संपल्यावर.

वरचा पुढचा दात. क्लॅरिनेट वाजवणाऱ्याचा सगळा डोलारा त्या वरच्या दोन दातांवर असतो. खालचा ओठ दातांवर दुमडून पत्तीखाली घ्यायचा आणि वरचे दात वाद्याच्या टोकावर टेकवायचे. दात हलला की वाद्य हलतं. तरी मास्तर वाजवत होते. वाद्य एका बाजूला जरा सरकवून घ्यायचे, कुणाला कळायचं नाही.

बाळीवेशीतलं घर लिंगायत व्यापाऱ्याचं. गेल्या गेल्या बॅन्डवाल्यांना ओसरीवर बसवलं, उप्पीट आलं, चहा आला. आणि घरातल्या आजीबाई परातीत कडक भाकरी आणि शेंगाचटणी घेऊन आल्या. "तगोरी, मास्तर," म्हणजे घ्या, असा आग्रह करत त्यांनी मास्तरांच्या हातात अख्खी भाकरी दिली. पापडासारखी पातळ, वाळवून खडखडीत केलेली. लोक ती आमटीत मोडून खातात, निदान दह्यात बुडवतात. मास्तरांना हे अमान्य होतं. "कडक भाकरी भिजवायची असंल तर मग मऊच का करत नाय?" असं विचारून त्यांनी आमच्या देखत भाकरीचा कडेचा भाग दातात धरला.

कट्ट असा आवाज झाला. आम्हाला वाटलं, भाकरीचा.

मास्तरांनी तळहातावर काहीतरी घेतलं, बघितलं. उठून नळाखाली धुतलं. कोटाच्या वरच्या खिशात ठेवून खिशाचं बटण लावलं. आजीबाई "अय्यो, काय झालं?" म्हणत पुढं आल्या. तर मास्तर हसून म्हणाले, "भाकरी फक्कड झाली हाय." मधे खिंडार पडल्यामुळे फक्कडमधला 'फ' असा सुटला, की ताशेवाल्यानं तोंड फिरवून घेतलं.

मागच्या बोळात जाऊन त्यांनी वाद्य ओठाला लावलं. फुस्स झालं. परत लावलं, एकदा चिरकलं. उरलेला एक दात एकट्यानं वाद्य पेलत नव्हता, ते कलंडत होतं आणि फटीतून वारा जात होता. मी इतकी वर्षं त्यांना वाजवताना पाहत होतो. वाद्य तोंडातून काढून ते त्याच्याकडे असे बघत उभे राहिलेले मात्र पहिल्यांदाच पाहिले.

दर्शनाचं काम ताशा, ट्रंपेट आणि माझ्या कीबोर्डावर निभावलं. मास्तरांनी लोकांना सांगून टाकलं, "देवाकडं जाताना नवरदेवाला जरा शांत जाऊ द्या." लोकांना ते पटलंसुद्धा.

प्रश्न दुपारचा होता. गावातलं मोठं लग्न, वरातीला गर्दी, आणि मास्तरांच्या नावावर घेतलेलं काम. होटगी रस्त्याकडे जाताना टेम्पोत ते माझ्या शेजारी बसले आणि म्हणाले, "तुझ्या त्या यंत्रात क्लॅरिनेटचा आवाज हाय न्हवं?"

"आहे."

"मग तू वाजव. मी म्होरं बोटं चालवतो."

मला वाटलं थट्टा करतायत. पण ते खिडकीबाहेर बघत होते.

तसंच केलं. मी छत्रीखाली बसून कीबोर्डावर क्लॅरिनेटचा आवाज लावला आणि त्यांची नेहमीची गाणी वाजवायला लागलो. मास्तर पुढं, वाद्य तोंडाला, गाल फुगलेले, बोटं अचूक चाललेली. कर्ण्यांतून आवाज मोठा येत होता, मागून येतोय की पुढून हे त्या गोंगाटात कुणाला कळणार. पोरं नाचत होती. एक जण मास्तरांच्या तोंडासमोर मोबाइल धरून त्यांच्या बोटांचं चित्रीकरण करत बराच वेळ उलटा चालला. नवरदेवाच्या एका काकांनी भर वरातीत त्यांना मिठी मारली आणि ओरडून म्हणाले, "मास्तर, क्लॅरिनेट ऐकावं तर तुमचंच! काय आवाज लागलाय आज!"

मास्तर म्हणाले, "उं."

पुढं लिंबाच्या सावलीत वरात थांबली आणि परत निघायच्या वेळी घोडी निघेना. चाचानं लगाम ओढला, चुचकारलं, गूळ दिला. ती मान खाली घालून उभी. नवरदेव वरून घाबरून "काय झालं, काय झालं?" विचारतोय. चाचानं मास्तरांकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, "क्या मास्टर, आज बजा नै रहे ना तुम? लोगां को नै समझा, घोडी को समझ गया."

आता घोडीला खरंच कळलं होतं का, मला सांगता येत नाही. ऊन भयंकर होतं, जनावर थकलं असेल. पण मास्तरांनी ते खरं मानलं. त्यांनी वाद्य खाली घेतलं, तिच्या मानेवर हात ठेवला आणि तिच्याजवळ उभे राहिले. थोड्या वेळानं ती आपण होऊन चालायला लागली. मास्तर तिच्या शेजारून चालले, कार्यालयाच्या दारापर्यंत. वाद्य परत तोंडाला लावलं नाही. आणि तेही कुणाच्या लक्षात आलं नाही. मी वाजवतच होतो.

जेवायला ते आले नाहीत. मी शोधत गेलो तर कार्यालयाच्या मागं, पाण्याच्या टँकरच्या सावलीत बसले होते. गालातली पत्ती काढून डबीत ठेवलेली. लग्नाच्या दिवशी पत्तीशिवाय त्यांचं तोंड मी कधी पाहिलं नव्हतं, चेहरा एकदम वेगळाच दिसत होता, म्हातारा.

"इतकी वर्षं मी म्होरं चालतोय," ते म्हणाले. "मला वाटायचं, लोक ऐकत्यात. ते नुसतं बघतात बे. लाल कोट बघतात."

मी त्यांच्यासाठी ताकाचा पेला आणला होता, तो पुढं केला. त्यांनी घेतला, पण खाली ठेवून दिला.

"संध्याकाळचं काम नको म्हणून सांगून येऊ," ते म्हणाले. "आपन जाऊन सांगू. फोनवर नाय."

संध्याकाळचं गिऱ्हाईक म्हणजे तो शिंपी. आमच्या बॅन्डाचे लाल कोट तोच शिवायचा. बारका, कायम गळ्यात टेप असलेला माणूस. त्या दिवशीही नव्या शर्टावर टेप तशीच होती, काढायला विसरला होता. शाळेच्या पटांगणात व्याही मंडळींना उतरवलं होतं, तिथून त्यांच्या गल्लीतल्या समाजमंदिरापर्यंत वरात न्यायची होती. आम्ही पोचलो तेव्हा तो पाहुण्यांना सरबत देत फिरत होता. मास्तरांना बघून त्याचं तोंड उजळलं.

मास्तरांनी त्याला बाजूला घेतलं आणि तोंड उघडून दाखवलं. "सकाळी पडला. माझ्यानं वाजनार नाय. दुसरा बॅन्ड बघतो मी तुमच्यासाठी, नायतर ही पोरं हाईत."

शिंप्याचा चेहरा पडला. "मास्तर, असं नका करू ओ. व्याही माढ्याचे हाईत. ते डॉल्बी आनणार होते. मी म्हनलं, आमच्या मास्तरांचं क्लॅरिनेट ऐका, मग बोला. मी शब्द टाकलाय की. आता माझी पोरगी त्या घरात जायची, पैल्याच दिवशी तिच्या बापाची बात खोटी?"

मास्तरांनी माझ्याकडे बोट केलं. "हा वाजवंल कीबोर्डावर. मी म्होरं बोटं चालवतो. दुपारी तसंच केलं. कुनाला कळलं नाय. तुमच्या व्याह्यांनाबी कळायचं नाय."

शिंप्यानं मान हलवली.

"मला कळंल की ओ, मास्तर."

"तुमाला कसं कळंल?"

"तुमची वरात माझ्या दुकानावरनं जाती न्हवं? तुमी लांब असता तवाच मी मशीनीवरचा पाय काढतो. तुमी चौक ओलांडून गेला की परत मशीन चालू करतो. बायको वरडती, काम पडलंय म्हनून." तो ओशाळून हसला. "नुसतं जरासं वाजवा. वाजंल तेवढं. नाय वाजलं तर ऱ्हाऊ द्या. पन बोटं नका चालवू."

मास्तर त्याच्याकडे बघत राहिले. दुपारपासून पहिल्यांदा त्यांनी खिशातली डबी काढली आणि पत्ती तोंडात ठेवली.

शिंप्याच्या बायकोनं आतून लवंगा आणून दिल्या. मास्तरांनी एक चावून जागेवर दाबली. मग भिंतीकडे तोंड करून बसले आणि काहीतरी करत राहिले. खालचा ओठ तर दुमडायचाच, आता त्यांनी वरचाही दुमडला. दोन्ही ओठांची उशी करून त्यावर वाद्य धरलं. दाबलं की हिरडी ठणकत असावी, कारण प्रत्येक वेळी एक डोळा बारीक व्हायचा. आधी वारा, मग खरखर. मग एकदम खालचा एक सूर आला. शेजारच्या खोलीत कुणीतरी स्वतःशी गुणगुणावं तसा.

"हं," ते म्हणाले. "याला घाई चालनार नाय. ताशेवाल्याला सांग, मेल्लगा." तेलुगूत मेल्लगा म्हणजे सावकाश.

ऊन कलल्यावर वरात निघाली. नवरदेव फुलं लावलेल्या मोटारीत. मास्तरांनी पहिलं गाणं धरलं. रोजचंच, पण निम्म्या गतीनं. वरचे सूर येत नव्हते, तिथं ते खालून वळसा घेऊन जायचे. मी कीबोर्डाचा आवाज इतका कमी केला, की मलाच जेमतेम ऐकू येत होता. माढ्याची पोरं नाचायच्या पवित्र्यात उभी होती, त्यांना काही सुधरेना. "ओ मास्तर, जरा जोरात! झोप यायली!" एकानं आवाज दिला. दुसरा म्हणाला, "म्हणून म्हणत होतो, डॉल्बी आणा." शिंपी पुढं हात जोडून चालत होता, मागं वळून बघायची त्याची हिंमत होत नव्हती. व्याही गंभीर चेहऱ्यानं मोटारीशेजारून चालले होते.

मोटारीच्या मागं एक रिक्षा होती. तिच्यात नवरदेवाची आजी बसलेली. गल्लीच्या तोंडाशी आलो तेव्हा ती रिक्षावाल्याला म्हणाली, "थांब रं, उतरव मला." कुणीतरी धावलं, "आजी, काय होतंय का? चक्कर आली का?"

"काय न्हाय झालं. चालायचंय मला."

आणि ती काठी टेकत मास्तरांच्या मागं येऊन चालायला लागली. मास्तरांनी एकदा मागं पाहिलं आणि पावलं आणखी बारकी केली. ताशा आपोआप त्या पावलांवर आला. आजी म्हणाली, "आता कसं! न्हायतर पोरांच्या वरातीत आमाला रिक्षात घालून म्होरं धाडत्यात. माझ्या एका बी नातवाच्या वरातीत मी चालले न्हाय." तिचं ऐकून तिची जाऊ उतरली. मग शिंप्याकडची एक म्हातारी दारातून येऊन तिच्या शेजारून चालायला लागली. गल्लीतल्या बायका हातातलं काम ठेवून ओट्यांवर आल्या. बोलणं हळूहळू कमी झालं, कारण बोललं की क्लॅरिनेट ऐकू येत नव्हतं.

मघाशी ओरडणाऱ्यांपैकी एक पोरगा पुढं आला. त्यानं आजीची काठी स्वतःच्या खांद्यावर टाकली आणि तिचे दोन्ही हात धरून संथ तालात डुलायला लागला. आजी त्याला शिव्या देत होती आणि डुलतही होती. मोटारीतून नवरदेव खाली उतरला. त्याच्या मागोमाग व्याहीही आईजवळ येऊन चालायला लागले.

समाजमंदिराच्या पायऱ्यांशी आलो तेव्हा दिवेलागण होत होती. व्याह्यांनी शिंप्याच्या खांद्यावर हात ठेवला. "आई घराच्या उंबऱ्याच्या पल्याड चालत नाही हो हल्ली," एवढंच ते म्हणाले. शिंप्यानं डोळे पुसायला गळ्यातली टेपच घेतली.

मास्तर एका कडेला उभे राहून रुमालानं ओठ पुसत होते. रुमालाला लाल डाग पडला होता. आत मंगलाष्टकं सुरू झाली.

जेवणं झाली. मास्तरांनी फक्त वरण-भात खाल्ला, तोही कालवून, अगदी मऊ करून. आम्ही पायरीवर बसलो होतो. मी म्हणालो, "मास्तर, दुपारचं मनावर घेऊ नका."

"दुपारचंच डोक्यात घोळायलंय," ते म्हणाले. "मी दुपारी म्हनलो ते चुकलं. लोकांना कळलं नाय, ते लोक भैरे हाईत म्हनून नाय."

"मग?"

"मी बोटं चालवत होतो तवा ऐकत होतो तुझं. मुखडा झाला की दुसऱ्या ओळीच्या मधे मी दम घ्यायला थांबतो. बरोबर तिथं तू थांबलास. अंतऱ्यात माझा दम पुरत नाय, मी शेवटचा सूर लवकर सोडतो. तूबी सोडलास." ते माझ्याकडे वळले. "तुझ्या यंत्राला दम घ्यावा लागतो का?"

"नाही."

"मग थांबलास कशाला?"

मला खरंच माहीत नव्हतं. मी थांबतो हेच मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं त्यांच्या पाठीकडे बघत वाजवत आलो, त्यांचे खांदे वर झाले की माझी बोटं उचलली जात असणार. मी तसं काहीतरी पुटपुटलो. मास्तर मान डोलवत राहिले. घरी जाताना टेम्पोत त्यांना झोप लागली.

दात त्यांनी पुढंही बसवून घेतला नाही. बायको भांडली, ताशेवाल्यानं ओळखीच्या डॉक्टरकडे वेळसुद्धा ठरवून दिली. मास्तर म्हणाले, आता ओठांना सवय झालीय. त्यांच्या वराती त्यानंतर संथच निघायच्या. काही लोकांनी त्यामुळे आम्हाला बोलवणं सोडलं, आणि काही लोक त्यासाठीच बोलवायला लागले, बहुतेक ज्यांच्या घरात म्हातारी माणसं होती ते. पुढं त्यांची मुलगी त्यांना अकलूजला घेऊन गेली. बॅन्ड आता नाही.

पण त्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ सांगायची राहिली. मी दुकान उघडायला निघालो होतो, तेवढ्यात मास्तरांचा फोन आला, घरी ये. मला वाटलं, दवाखान्यात न्यायचं असेल. गेलो तर ते बनियनवर ओसरीत बसलेले, समोर दोन स्टुलं. मला एकावर बसवलं.

"दात दाखव," म्हणाले.

"माझे?"

"मग काय माझे? आ कर."

मी तोंड उघडलं. त्यांनी हनुवटी धरून माझा चेहरा उजेडाकडे वळवला. वरचे पुढचे दोन दात अंगठ्यानं एकेक करून दाबून पाहिले, हलतात का. हिरड्या बघितल्या. खालचा ओठ ओढून पाहिला. मग हात लुंगीला पुसले.

"चांगले हाईत. पान-तंबाकू खातोस का?"

"नाही."

"खाऊ नको. कडक भाकरी भिजवून खायची." त्यांनी डबीतून एक कोरी पत्ती काढून माझ्या जिभेवर ठेवली आणि स्वतःचं क्लॅरिनेट उचलून माझ्या हातात दिलं.

मी विचारायला गेलो की दुकानाचं काय, मालकाला काय सांगू, आणि माझं हे वय आहे का नवीन वाद्य धरायचं. तोंडात पत्ती होती. बाहेर आलं ते फक्त 'उं'.

"हां," मास्तर म्हणाले. "फुंक."